कोबीची धिरडी

कोबीचा गड्डा कोणी पाहिला नाही? भाजीवाल्याच्या पाटीत तो असतोच असतो. थंडीच्या दिवसांत तर बाजारात त्याचे ढीग लागतात. कोबी स्वस्त मिळतो. चार दिवस टिकतो. पण घरात त्याला मान नाही. पाहुणा आला तर आपण कोबी पुढे करीत नाही. पोरे ताटात कोबी पाहून नाक मुरडतात. "आज पण कोबीच का?" हे वाक्य आम्ही कितीतरी घरांत ऐकले आहे.

या धड्यात आपण याच कोबीची धिरडी करणार आहोत. "त्यात काय शिकायचं? धिरडी तर आम्हाला येतात," असे पुष्कळ जणी म्हणतील. खरे आहे. पण कोबीचे धिरडे जरा हट्टी असते. ते तव्याला चिकटते. उलटताना मोडते. वरून करपते आणि आत कच्चे राहते. असे का होते, हे समजून घेतले म्हणजे हात आपोआप सुधारतो. आणि धिरडी झाल्यावर ती कोणाच्या पानात किती पडतात, याचाही हिशोब या धड्यात आहे. तो हिशोब वाचताना घरातल्या पुरुषांनी जवळ बसावे, अशी आमची विनंती आहे.

कोबी आला कोठून?

आज कोबी आपलाच वाटतो. पण तो मूळचा इकडचा नव्हे. युरोपच्या समुद्रकाठी एक रानटी झुडूप वाढत असे. माणसांनी त्याची पिढ्यान् पिढ्या निवड केली. कोणी घट्ट पानांची झाडे राखली, त्यांचा कोबी झाला. कोणी फुलांचे दाट झुबके राखले, त्यांचा फ्लॉवर झाला. कोणी जाड बुडख्याची झाडे राखली, त्यांचा नवलकोल झाला. म्हणजे कोबी, फ्लॉवर आणि नवलकोल ही एकाच आईची लेकरे आहेत. मोहरीही त्यांच्याच कुळातली. कच्चा कोबी चावला की किंचित तिखट का लागतो, ते आता कळले ना?

समुद्रमार्गाने पोर्तुगीज लोक आपल्या किनाऱ्यावर आले. त्यांच्याबरोबर कितीतरी नवी झाडे आली. बटाटा हा शब्द त्यांचाच. कोबी हे नावही त्यांच्याच भाषेतून आले, असे जाणकार सांगतात. विदर्भात आणि मराठवाड्यात कोबीला पत्ताकोबी म्हणतात आणि फ्लॉवरला फुलकोबी. नाव काहीही असो, गड्डा तोच.

गड्डा कसा पारखावा?

दोन सारखे दिसणारे गड्डे दोन हातांत घ्या. जो जड लागेल तो चांगला. जड गड्डा म्हणजे आत पाने दाट बसलेली आहेत. हलका गड्डा म्हणजे आत पोकळी आहे. अंगठ्याने दाबून पाहावे. तो दबता कामा नये. मग गड्डा उलटा करून देठ पाहावा. देठ ओलसर, पांढरा असेल तर माल ताजा. देठ काळा पडून सुकला असेल तर गड्डा बरेच दिवस पडून आहे, असे समजावे. भाजीवाला कधी कधी बाहेरची पिवळी पाने काढून टाकतो आणि शिळा गड्डा गोरागोमटा करून ठेवतो. म्हणून पानांवर जाऊ नये, देठावर जावे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोबी स्वस्त झाला की आपल्याला आनंद होतो. पण तो कोणीतरी पिकवलेला असतो. रोप लावल्यापासून गड्डा भरायला दोन ते तीन महिने जातात. रोपे, खत, औषध, पाणी, मजुरी हा सगळा खर्च आधी होतो. सगळ्यांचा कोबी एकदम बाजारात आला की भाव कोसळतो. कधी कधी तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नाही. मग शेतकरी उभ्या पिकात जनावरे सोडतो, नाही तर नांगर फिरवतो. कांद्यासारखी चाळ बांधून कोबी महिनोन् महिने राखता येत नाही. तेव्हा थंडीत कोबी मातीमोल झाला असेल, तर त्या आठवड्यात एक गड्डा जास्त घ्यावा. आपलेही भागते आणि माल कुजत नाही.

किडा आणि भीती

"बाई, कोबीत किडा असतो. तो मेंदूत जातो!" असे सांगणारे गावोगाव भेटतात. या बोलण्यात थोडे खरे आहे आणि बरेच खोटे आहे.

कोबीच्या पानावर दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची अळी असते. ती पाने खाते. ती माणसाच्या मेंदूत जात नाही. मेंदूत जाणारा रोग निराळ्या जंताचा आहे. त्याला पट्टकृमी म्हणतात. हा जंत ज्या माणसाच्या पोटात असतो, त्याच्या शौचातून जंताची अंडी मातीत आणि पाण्यात जातात. तसल्या घाण पाण्यावर किंवा मातीत भाजी वाढली, तर ती अंडी पानांना चिकटतात. डोळ्यांना ती दिसत नाहीत. कोबीच काय, कोथिंबीर, मुळा, गाजर, कोणत्याही भाजीला ती चिकटू शकतात. भाजी न धुता कच्ची खाल्ली तर धोका असतो. नीट धुतली आणि चांगली शिजवली तर अंडी मरतात आणि धोका टळतो. म्हणून कोबी सोडायची गरज नाही. घाण सोडायची गरज आहे. शौचालय वापरावे. स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत.

कोबीवर अळी फार पडते, म्हणून शेतात औषधही फार मारले जाते. त्यासाठी अगदी बाहेरची दोन-तीन पाने काढून टाकावीत. त्याच्या आतली हिरवी पाने मात्र टाकू नयेत. आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा त्या हिरव्या पानांत सत्त्व जास्त असते. गड्ड्याचे चार भाग करावेत. पाने सुटी करून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावीत. अळी असली तर वर येते. मग वाहत्या पाण्याखाली पाने चोळून धुवावीत. नळ नसेल तर दोनदा स्वच्छ पाणी बदलावे.

धुवायचे ते चिरण्याआधी. चिरून मग धुतले तर कोबीतले क जीवनसत्त्व पाण्याबरोबर वाहून जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेनेही कमी होते. म्हणून कोबी आयत्या वेळी चिरावा आणि गरजेपुरताच शिजवावा. फार वेळ शिजला की त्याला गंधकासारखा उग्र वास सुटतो. मुलांनी नाक मुरडण्याचे अर्धे कारण हा वास असतो. धिरडे पातळ असते, चार-पाच मिनिटांत होते. म्हणून त्याला तो वास येत नाही.

नुसता कोबी पोट भरत नाही

कोबी चांगला, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा करू नये. 100 ग्रॅम कोबीत 90 ग्रॅमांहून जास्त पाणीच असते. अंगाला बळ देणारा जो भाग, ज्याला प्रथिने म्हणतात, तो जेमतेम दीड ग्रॅम. म्हणजे नुसत्या कोबीवर राबणारे माणूस तगणार नाही.

आता डाळीकडे पाहा. 100 ग्रॅम हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात सुमारे 20 ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम असतात. ज्वारीत जे उणे असते ते डाळीत असते, आणि डाळीत जे उणे असते ते ज्वारीत असते. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. आपल्या आज्या-पणज्यांनी हे पुस्तकात वाचले नव्हते. तरी भाजणीत त्या धान्य आणि डाळ दोन्ही घालत आल्या. कोबीच्या धिरड्यातही आपण तेच करणार आहोत. कोबी ताटाला चव, ओलावा आणि चोथा देतो. चोथ्याने पोट साफ राहते. बळ देण्याचे काम पिठांचे.

साहित्य

हे प्रमाण चार माणसांचे आहे. यात तळहाताहून थोडी मोठी अशी 12 धिरडी होतात. एक वाटी पीठ म्हणजे सुमारे 100 ग्रॅम धरले आहे.

कोबी अर्धा किलो. मध्यम गड्ड्याचा साधारण अर्धा भाग.
ज्वारीचे पीठ 2 वाट्या.
हरभऱ्याच्या डाळीचे पीठ 1 वाटी.
तांदळाचे पीठ अर्धी वाटी.
कांदा 1. हिरव्या मिरच्या 3 किंवा 4. लसूण 6 पाकळ्या. आल्याचा लहान तुकडा.
मूठभर कोथिंबीर.
ओवा अर्धा चमचा, तीळ 1 चमचा, हळद पाव चमचा.
मीठ 2 लहान चमचे.
तेल 6 चमचे.
पाणी सुमारे अडीच वाट्या.

ज्वारी नसेल तर बाजरी किंवा नाचणी घ्यावी. घरात थालीपिठाची भाजणी असेल तर फारच उत्तम. मग सगळ्या पिठांऐवजी साडेतीन वाट्या भाजणीच घ्यावी. तांदळाचे पीठ कुरकुरीतपणासाठी आहे. ते नसले तर अडत नाही. डाळीचे पीठ मात्र कमी करू नये. महाग वाटले तरी करू नये. कोथिंबीर महाग असेल तर ती खुशाल सोडून द्यावी.

कृती

आधी पिठे परातीत किंवा मोठ्या पातेल्यात एकत्र करावीत. त्यात मीठ, हळद, ओवा आणि तीळ घालावेत. मिरची, लसूण, आले वाटून घालावे. आता थोडे थोडे पाणी घालीत हाताने कालवावे. एकदम पाणी ओतले तर गुठळ्या होतात. पीठ भज्यांच्या पिठाहून जरा सैल असावे. पळीने घातले तर सावकाश पसरावे, पाण्यासारखे पळू नये. जुने पीठ पाणी जास्त पिते, ताजे कमी पिते. तेव्हा अडीच वाट्या हा अंदाज आहे. शेवटची अर्धी वाटी हात राखूनच घालावी.

पीठ झाकून वीस मिनिटे ठेवावे. तेवढ्यात पिठाचे कण पाणी शोषून फुगतात. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तिला भिजायला वेळ दिला नाही तर धिरडे ठिसूळ होते.

या वीस मिनिटांत कोबी आणि कांदा चिरावा. कोबी चिरावा तो अगदी बारीक. विळीवर पातळ काप काढावेत आणि मग ते आडवे कापून बारीक करावेत. लांब दोरे राहिले तर धिरडे उलटताना ते दोरे कालथ्यात अडकतात आणि सगळे फाटते. मधला जाड दांडा फेकू नये. तो किसणीवर किसून त्यातच घालावा. त्याला गोडसर चव असते.

आता नीट लक्ष द्या. या धड्यातली कळीची गोष्ट येथे आहे. कोबी पिठात घालायचा तो तवा तापल्यावर. आधी नाही. कारण मीठ कोबीतले पाणी ओढून घेते. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवले की तळाशी पाणी साठते, ते तुम्ही पाहिलेच आहे. तेच येथे होते. कोबी घालून पीठ अर्धा तास ठेवले की ते पातळ पचपचीत होते. मग आपण वरून आणखी पीठ घालतो. मग ते अळणी लागते, म्हणून आणखी मीठ घालतो. मीठ आणखी पाणी ओढते. असा हा खेळ चालतो आणि शेवटी गोळा होतो, धिरडे होत नाही. काही जणी कोबीला आधीच मीठ चोळतात आणि पाणी पिळून फेकून देतात. धिरडी छान होतात, नाही असे नाही. पण त्या पाण्याबरोबर चव जाते आणि सत्त्वही जाते. म्हणून आम्ही तसे करीत नाही. पिठाचे दोन भाग करावेत. अर्ध्यात अर्धा कोबी-कांदा घालून सहा धिरडी करावीत. मग उरलेल्या पिठात उरलेला कोबी मिसळावा.

तवा लोखंडी असला तर उत्तम. तो चांगला तापू द्यावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चर्र करून नाचला की तवा तापला. मग अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. आच मध्यम करावी. एक मोठी पळीभर पीठ मधोमध घालावे आणि पळीच्या पाठीने किंवा ओल्या बोटांनी पसरावे. जाडी करंगळीच्या निम्मी असावी. मध्ये बोटाने एक भोक पाडावे. त्या भोकात आणि कडेने मिळून अर्धा चमचा तेल सोडावे. वर झाकणी ठेवावी.

दोन मिनिटे झाकणीला हात लावू नये. झाकणीखाली कोबीचीच वाफ कोंडते आणि त्या वाफेवर कोबी शिजतो. मग झाकणी काढावी. वरचा ओला तकाकीपणा गेला आणि कडा तव्यापासून सुटू लागल्या, की समजावे. मग कालथा कडेकडेने सगळीकडून आत घालून धिरडे सैल करावे आणि एका दमात उलटावे. भीत भीत उलटले तर ते मोडते. दुसरी बाजू झाकणीवाचून भाजावी. दीड-दोन मिनिटे पुरतात. तांबूस ठिपके पडले की झाले.

कोठे बिघडते?

पहिले धिरडे चिकटले, तर बहुधा तवा पुरता तापलेला नसतो. नव्या किंवा घासून पांढऱ्या केलेल्या तव्यावर तर चिकटतेच. असा तवा आधी तेल लावून दोनदा तापवून घ्यावा. धिरडे मोडले, तर कोबी जाड चिरलेला असतो किंवा उलटायची घाई झालेली असते. वरून करपले आणि आत कच्चे राहिले, तर आच मोठी होती आणि थर जाड होता. येथे आच कमी करावी, तेल वाढवू नये. तेल वाढवून कच्चेपण जात नाही, फक्त खर्च जातो.

पोटात गुबारा धरतो म्हणून काही जण कोबी टाळतात. ओवा आणि आले याचसाठी घातले आहे. तरी त्रास होत असेल त्याने एकच खावे.

दूरच्या देशातले धिरडे

कोबी आणि पीठ यांची जोडी आपल्याकडेच जमली, असे समजू नका. जपान देशातही असे एक धिरडे आहे. त्याचे नाव ओकोनोमियाकी. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. ओकोनोमी म्हणजे जे आवडेल ते. याकी म्हणजे भाजलेले.

6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमा शहरावर अणुबॉम्ब पडला. शहर जळून गेले. जी माणसे वाचली त्यांना खायला अन्न नव्हते. तांदूळ मिळेना. अमेरिकेतून गव्हाचे पीठ येऊ लागले. लढाईपूर्वी तिकडे पोरांचा एक स्वस्त खाऊ असे. पिठाचे पातळ धिरडे आणि त्यावर थोडा पाला. लोकांनी तोच खाऊ आता पोट भरण्यासाठी धरला. लोखंडी पत्र्यावर पिठाचा पातळ थर घालायचा आणि त्यावर कोबीचा हा एवढा ढीग रचायचा. कोबी आपल्याच वाफेने बसतो. पीठ थोडे लागते आणि पोट भरते. लढाईत ज्यांचे नवरे गेले होते, अशा पुष्कळ बायकांनी घराच्या दर्शनी खोलीत असला तवा मांडला आणि त्यावर मुले वाढवली. आज त्या शहरात ओकोनोमियाकी मोठ्या मानाने खातात. त्यात अंडी, मांस, शेवया, काय काय घालतात. पण खालचा कोबी मात्र तसाच ढीगभर असतो.

आता नाक मुरडणाऱ्यांची गोष्ट. पूर्वी जहाजावरच्या खलाशांना महिनोन् महिने ताजी भाजी मिळत नसे. मग त्यांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, माणसे मरत. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. क जीवनसत्त्व न मिळाल्याने तो होतो. तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते. 1768 साली कॅप्टन कुक नावाचा इंग्रज दर्यावर्दी लांबच्या सफरीला निघाला. त्याने बरोबर मिठात आंबवलेला कोबी घेतला होता. खलाशी तो कोबी तोंडात घालीनात. कुकने सक्ती केली नाही. त्याने रोज अधिकाऱ्यांच्या टेबलावर तो कोबी वाढायला लावला आणि खलाशांना सांगितले, तुमची मर्जी, हवा तर घ्या. साहेब लोक रोज खातात म्हटल्यावर खलाशांनाही तो हवासा झाला. थोड्याच दिवसांत इतका खपू लागला, की वाटून द्यावा लागला.

घरातही असेच आहे. बाप ताटातला कोबी बाजूला सारतो आणि पोराला म्हणतो, "खा रे, चांगला असतो." पोर कशाला खाईल?

बारा धिरड्यांचा हिशोब

धिरड्याची एक खोड आहे. ते तव्यावरून थेट पानात पडते तेव्हाच गोड लागते. गार झाले की चामट होते. म्हणून काय होते? एकजण तव्यापाशी उभी राहते आणि बाकीचे गरम गरम खातात. "अजून एक वाढ." "मला कडेचं कुरकुरीत दे." ती वाढत राहते. वाढणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही आणि तीही बोलत नाही.

आपण आता आकडे मांडू. बारा धिरडी आहेत. माणसे चार. प्रत्येकाच्या वाट्याला 3 यायला हवीत. पण पुष्कळ घरांत असे होते: बापाला 4, मुलाला 4, मुलीला 3. किती झाली? 11. तवा सांभाळणाऱ्या आईला उरले 1. तेही शेवटचे. पातेले खरवडून केलेले.

आता प्रथिने मोजू. 2 वाट्या ज्वारीच्या पिठातली 20 ग्रॅम. 1 वाटी डाळीच्या पिठातली 20 ग्रॅम. तांदळाच्या पिठातली सुमारे 3 ग्रॅम. कोबीतली सुमारे 7 ग्रॅम. बेरीज झाली 50 ग्रॅम. बारा धिरड्यांत 50, म्हणजे एका धिरड्यात सुमारे 4 ग्रॅम. बापाला मिळाली 16, आईला मिळाली 4. 55 किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिने लागतात. ती गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर त्याहून जास्त लागतात. चारांवर तिचे कसे भागेल?

2019 ते 2021 या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची सरकारी पाहणी झाली. 15 ते 49 वर्षांच्या दर शंभर बायकांपैकी 57 बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असे तीत आढळले. रक्त कमी असण्याची कारणे पुष्कळ आहेत. पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणे, पाळीत जास्त अंगावर जाणे, ही त्यांतली काही. पण शेवटी जेवणे आणि उरले तर जेवणे, हेही एक कारण आहेच. दम लागतो, चक्कर येते, पायांत गोळे येतात, आणि बाई म्हणते, "वयानं होतंय." तिशीतल्या बाईचे कसले आले वय? आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या नियमाने घ्याव्यात. कोबीच्या धिरड्याने रक्ताची सगळी कसर भरत नाही. पण डाळीच्या पिठात लोह असते. धिरड्यावर खाताना लिंबू पिळले तर ते लोह अंगी जास्त लागते. लिंबू तव्यावर पिळू नये, पानात पिळावे. आणि जेवणाबरोबर चहा घेऊ नये, चहाने लोह अंगी कमी लागते. तासभर थांबून घ्यावा.

यावर तोडगा काय? आमच्या वर्गातल्या बायांनी तीन तोडगे सांगितले. एकीने सांगितले, "मी पहिली तीन धिरडी डब्यात काढून ठेवते. ती माझी. मग पोरांना वाढते." दुसरी म्हणाली, "थंड कोण खाणार? मी दोन तवे मांडते. बारा-पंधरा मिनिटांत सहा होतात, मग सगळे बरोबर बसतो." तिसरी म्हातारी होती. ती म्हणाली, "अगं, निम्मी झाली की कालथा लेकाच्या हातात द्यायचा. त्याला काय हात नाहीत?" सगळा वर्ग हसला. आम्हाला हा तिसरा तोडगा सर्वांत आवडला. धिरडे उलटणे काही अवघड नाही. वर सांगितले तसे दोन मिनिटे थांबले की ते बापाच्या हातानेही उलटते आणि मुलाच्या हातानेही.

वहीत लिहा

1. बाजारात जा. आजचा भाव विचारा आणि लिहा: कोबी अर्धा किलो रुपये ....., ज्वारीचे पीठ 200 ग्रॅम रुपये ....., डाळीचे पीठ 100 ग्रॅम रुपये ....., तांदळाचे पीठ 50 ग्रॅम रुपये ....., तेल 6 चमचे रुपये ...... बेरीज करा. बेरजेला 12 ने भागा. एक धिरडे किती रुपयांना पडले?

2. तुमच्या घरात सहा माणसे आहेत. प्रत्येकाला 3 धिरडी द्यायची आहेत. एकूण किती धिरडी लागतील? त्यासाठी कोबी किती ग्रॅम घ्याल? डाळीचे पीठ किती वाट्या घ्याल?

3. कोबी पिठात आधीच का मिसळू नये? दोन ओळींत लिहा.

4. पुढच्या वेळी धिरडी कराल तेव्हा पाटीवर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा. जो जितकी खाईल तितक्या रेघा त्याच्या नावापुढे ओढा. आपले स्वतःचे नाव सर्वांत वर लिहा. ती पाटी वर्गात घेऊन या.